नील बेटावर चार रात्री

चिपळूण,
18 फेब्रुवारी 2025

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. प्रवासी कंपनीने तुला दिलेला अंदमानचा सहा दिवसांचा कार्यक्रम मी दोनदा वाचला. त्यात नील बेटाच्या वाट्याला सकाळची बोट आणि दुपारची परतीची बोट यांच्यामधले जेमतेम चार तास आले आहेत, आणि तुम्हा तिघांसाठी मागितलेली रक्कम पाहून तू लिहिलेस की हा बेत आता मुक्ताचे शिक्षण झाल्यावरच पाहू. ते वाक्य वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. आम्ही दोघे गेल्या महिन्यात तिथे चार रात्री राहून आलो, आणि माझे मत असे झाले आहे की त्या बेटावर पैसे लागतात ते घाईला. राहायला फारसे लागत नाहीत.

विमानाचा खर्च मोठा आहे आणि तो टळत नाही. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्यात जाताना तीनेक दिवस मोडतात. तुझ्या रजेत ते बसायचे नाही. तिकिटे दोन-तीन महिने आधी काढलीस तर बराच फरक पडेल. मात्र पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) उतरल्यावर पुढचा सगळा हिशेब आपल्या हातात असतो. फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सरकारी बोट सुटते आणि दोनेक तासांत नीलला पोचवते. खासगी बोटींपेक्षा कमी भाड्यात काम होते, आणि डेकवर उभे राहून वारा खात जाता येते, जे त्या वातानुकूलित बंद बोटींत मिळत नाही. तिकिटे लवकर संपतात, म्हणून पोचल्या दिवशी सामान खोलीवर टाकून आधी तिकिटाचे पाहा आणि मग सेल्युलर जेलकडे वळा. सावरकर 1911 साली जिथे आणले गेले ती कोठडी पाहिल्याशिवाय आपल्याकडचा माणूस पुढे जात नाही, आणि जाऊही नये.

बेट म्हणशील तर केवढेसे! या टोकाहून त्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर. 2018 साली त्याचे नाव शहीद द्वीप झाले. बोटीच्या धक्क्यावर आणि बाजारात मात्र सगळे अजून नीलच म्हणतात. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली. साठच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यांनी रान मोडून शेती उभी केली, आणि आज या बेटाची भाजी आसपासच्या बेटांवर जाते. म्हणूनच इथे स्वस्तात नीट जेवता येते. बाजारातल्या छोट्या खाणावळीत भात, डाळ, परसातली भाजी आणि माशाचा तुकडा एवढे ताट मिळते, आणि ऐकून तुला बरे वाटेल, सुरमईला तिथेही सुरमईच म्हणतात.

आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरामागे, सुपारीच्या बागेत असलेल्या खोलीत राहिलो. खोली साधी, पण स्वच्छ होती. दोन सायकली भाड्याने घेतल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत एकदाही रिक्षा लागली नाही. राहणे, जेवण, सायकली आणि दोन्ही वेळची बोट धरून दोघांचा खर्च बारा हजारांच्या आत राहिला. तुझ्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

आता समुद्राचे लिहितो, कारण चार तासांत तो कळणे शक्यच नाही. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, आणि तिच्यापर्यंत ओहोटीलाच जाता येते. आम्ही पौर्णिमेला पोचलो होतो. तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढायची, हा माझ्या आईचा हिशेब तुला माहीत आहे. त्याप्रमाणे पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट, सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी असे धरून आम्ही साडेचारला निवांत निघालो. पोचलो तेव्हा खडक पाण्याखाली जाऊ लागले होते. शहाळी विकणाऱ्या बाईंनी सांगितले की आज पाणी साडेतीनलाच तळाला गेले होते. कोकणचा हिशेब त्या समुद्राला लागू पडत नाही; ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते एवढेच दोन्हीकडे सारखे. शिवाय घड्याळ आपलेच आणि बेट इतके पूर्वेला, त्यामुळे जानेवारीत सव्वापाचला सूर्य मावळतो. चार तासांसाठी आलेल्या माणसाची वेळ चुकली तर त्याने पाण्याकडे पाहून परतायचे. आम्हाला उद्याचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी तीनलाच गेलो. पाणी हळूहळू मागे हटत होते आणि एकेक डबके उघडे पडत होते. गुडघे टेकून एका डबक्यापाशी मी किती वेळ बसलो कोण जाणे. परातीएवढे पाणी, इतके स्वच्छ की बोट बुडवेपर्यंत खोली कळत नव्हती. तळाशी एक काळी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी), काठाच्या भेगेत दडलेला खेकडा, आणि सावली पडली की दगडाखाली शिरून सावली हलताच पुन्हा बाहेर येणारे नखाएवढे निळे मासे. पायात जुने बूट ठेवा, आणि जिवंत प्रवाळावर पाय पडणार नाही याची फार काळजी घ्या. पाण्याला टेकलेला खडबडीत दगड पुष्कळदा दगड नसतो. मुक्ताला शिंपले जमवायची हौस आहे, तेव्हा तिला आधीच समजावून सांग की तिथून प्रवाळाचा तुकडा आणायला कायद्याने बंदी आहे, शंख-शिंपलेही जागच्या जागी ठेवायचे, आणि विमानतळावर सामान तपासतात. तिला ते पटेल. पाहिल्यावर तर नक्कीच.

तो दिवस संक्रांतीचा होता. बंगाल्यांचीही ती पौष संक्रांत. संध्याकाळी घरमालकीणबाईंनी तांदळाच्या पिठाची, आत ओले खोबरे आणि गूळ भरलेली पाटीशाप्टा आणून दिली. हिने चिपळूणहून नेलेला तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि मोडक्या हिंदीत त्याचा अर्थ सांगितला. त्यावर त्यांनी सासूबाईंना हाक मारून बाहेर बोलावले आणि हिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. वरण-भाताच्या आणि खोबऱ्याच्या गप्पांत दोन तास गेले.

पहाटे लवकर उठून एकदा सीतापूरला जा, पावणेसहाच्या सुमारास सूर्य समुद्रातून वर येतो. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे, तिथे दुपारी गर्दी असते. शेवटची बोट गेली की तोच किनारा रिकामा होतो. रोख पैसे पुरेसे न्या, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, कारण हवा बिघडली तर बोट सुटत नाही.

मार्चअखेरपर्यंत समुद्र शांत असतो, पण यंदा मुक्ताची परीक्षा आडवी येईल. म्हणून पुढच्या जानेवारीचे पाहा. रजेच्या तारखा कळव, म्हणजे खोलीसाठी त्या कुटुंबाला मी स्वतः फोन करतो. वहिनींना नमस्कार, मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
विनायक