रेकॉर्डिंग घरचं, किल्ली बॉक्सकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाच्या पावसात आमच्याकडे लाईट गेले, आले, परत गेले आणि त्या गडबडीत सेट टॉप बॉक्स जळाला. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, नवीन बॉक्स लावला, जुना घेऊन गेला, तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

दोन वर्षांपूर्वी आमची आई एका चॅनलवरच्या बायकांच्या कार्यक्रमात दिसली होती. मोरपिशी साडी, एक उखाणा आणि मग लाजून हसणं, सगळं मिळून पाऊण मिनिट. मी ते बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवलं, पाहुणे आले की लावायचो. हार्ड डिस्क माझी, माझ्या पैशाची. ती नव्या बॉक्सला लावली तर तो म्हणतो आधी फॉरमॅट करा. लॅपटॉपला लावली तर फाईल दिसते पण उघडत नाही. कस्टमर केअरवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर ते ज्या बॉक्सवर रेकॉर्ड केलं त्याच बॉक्सवर दिसतं. म्हणजे बॉक्स रेकॉर्ड करतानाच सगळं कुलूपबंद करून डिस्कवर टाकतो आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो, बॉक्स गेला की किल्ली गेली. चॅनलवाल्यांना कॉप्या फिरायची भीती असते म्हणून हे करतात, ते कळतं हो मला. पण विकताना "रेकॉर्डिंगची सोय" एवढंच मोठ्या अक्षरात आणि हे कुठंच नाही, हे काय?

बॉक्सचं चित्र-आवाज टीव्हीकडे नेणाऱ्या एचडीएमआय वायरीतून लॅपटॉपवर कॅप्चर करून बाहेर काढता येईल असं वाटलं म्हणून नव्या बॉक्सवर चालू कार्यक्रम घेऊन ट्राय केलं, तर स्क्रीन काळी. त्या वायरीतून जाणाऱ्या चित्रालाही एचडीसीपी नावाचं वेगळं कुलूप असतं.

याउलट बहिणीच्या लग्नाची 1994 ची व्हीएचएस कॅसेट, ती अजून चालते! व्हीसीआर मात्र मित्राकडून मागून आणावा लागला, शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 मध्ये बंद केले. आता नवीन टीव्हीला पिवळं-लाल-पांढरं अशी तीन भोकंच नाहीत, एकच बारीक भोक हेडफोनसारखं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून त्याची वायर आणली तर चित्र नाचायला लागलं आणि आवाजाऐवजी घूंऽऽ. दुकानदार म्हणाला, काका, पिनवरची आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, टीव्हीबरोबर आलेलीच लावा. ती सापडली माळ्यावर, टीव्हीच्या खोक्यात, गणपतीच्या मखराखाली. मग व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या यूएसबीच्या कॅप्चर डोंगलने कॅसेट लॅपटॉपवर घेतली. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, चहा घेत बसावं लागतं, पण मंगलाष्टका एकदम क्लिअर आल्या.

जाता जाता अजून एक. पुण्यात 2013 मध्ये सगळ्यांना बॉक्स घ्यायला लावले, तेव्हापासून घरोघर येणारी ही इन्स्टॉलेशनची मुलं निघायच्या घाईत असतात. शेजारच्या आजोबांकडे दीड वर्ष एचडी पॅकचे पैसे जात होते आणि बॉक्स टीव्हीला पिवळ्या वायरीने जोडलेला. त्या वायरीतून 576 रेषांच्या वर काही येतच नाही, म्हणजे एचडी नाहीच, चेहरे पसरट दिसायचे ते वेगळंच, आजोबांना वाटायचं आपला चष्मा बदलायला झालाय. एचडीएमआयची वायर खोक्यातच होती, पिशवीसुद्धा फोडलेली नाही. त्यांच्याकडचा होम थिएटरही मुका होता, कारण त्याची एचडीएमआय वायर भलत्याच पोर्टला. टीव्हीच्या मागे ज्या पोर्टवर एआरसी (म्हणजे टीव्हीचा आवाज होम थिएटरकडे परत पाठवायची सोय) लिहिलंय त्यालाच लावायची आणि होम थिएटरलाही एआरसी लिहिलेल्याच पोर्टला, मग सेटिंगमध्ये जाऊन सीईसी, म्हणजे दोन्ही यंत्रांना त्या वायरीतून एकमेकांशी बोलू देणारी सोय, ऑन करायची, झालं. दोन मिनिटांचं काम, पण कोणी सांगायला नको का?

तर मागणी साधी आहे. बॉक्सच्या खोक्यावर मराठीत दोन वाक्यं छापा: "रेकॉर्डिंग याच बॉक्सवर दिसेल. डिस्क लावल्यावर आधीचा डेटा पुसला जाऊ शकतो." दुसरं वाक्य मुद्दाम, कारण फॉरमॅटला ओके दाबून मुलाच्या मुंजीचे फोटो घालवलेले एक गृहस्थ आमच्याच सोसायटीत आहेत.

आणि ज्यांच्याकडे असं काही जपून ठेवलेलं असेल त्यांनी बॉक्स जिवंत आहे तोवर टीव्हीसमोर मोबाईल आडवा धरून शूट करून घ्या. मागून कुकरची शिट्टी येईल, येऊ दे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे