गाळाने वसवलेले अभयारण्य

चि. अनुजास, अनेक आशीर्वाद.

परवा तुझी आई आणि मी नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य पाहून आलो. तू स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो आहेस, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितो.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. नद्यांनी वर्षानुवर्षे वाहून आणलेला गाळ साचत जाऊन जलाशय उथळ झाला, मध्येच बेटे वर आली आणि त्यांवर पाणवनस्पती माजल्या. साठवणक्षमतेच्या हिशेबात हे नुकसानच. पण बुडी न मारता नुसती मान पाण्यात घालून चरणाऱ्या बदकांना असेच उथळ पाणी लागते, आणि चिखलातले किडे टिपणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना उघडा, ओला काठ लागतो. खोल धरणात यांची उपासमार होईल. १९८६ साली या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली.

चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या बदके फार जवळून दिसली. रुंद चोच पाण्याला टेकवून ती एकामागोमाग एक गोल फिरत होती. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले खाद्य मागचा टिपत होता. त्यांच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी निथळून जाते आणि सूक्ष्म जीव आत अडकतात. पलीकडे पट्टकादंब हंसांचा थवा विसावला होता. तिबेट आणि मध्य आशियात वीण करून हे पक्षी हिमालय ओलांडून इकडे येतात, आणि विरळ हवेतलाही प्राणवायू धरून ठेवणारे रक्त त्यांना निसर्गाने दिले आहे. चक्रवाकही पुष्कळ होते.

जलपर्णी मात्र जिथे पसरते तिथे उघडे पाणीच उरत नाही, ती काढायलाच हवी. गाळाचे तसे नाही. शेतकऱ्याला कालव्याचे पाणी मिळाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु उद्या अशा एखाद्या जलाशयाचा गाळ काढण्याचा आराखडा तुझ्या हाती आला, तर कोणत्या बाजूचा काठ उथळ ठेवायचा हे पक्षी जाणणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यावर सही करू नकोस, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

संक्रांतीला येशील तेव्हा एक दिवस जास्त काढ. उजाडायच्या आत पोहोचायला हवे, कारण उन्हे चढली की बरीच बदके पंखांत चोच खुपसून झोपतात. भडक कपडे आणू नकोस.

तुझा,
बाबा