रेखाटलेला आलेख ऐकूही यावा

महोदय,
शहरसेवांच्या मोबाइल अ‍ॅपवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात देखणेपणालाच सर्वाधिक गुण दिलेले दिसले. मी ऐरोलीत अ‍ॅप बनवण्याचंच काम करतो, म्हणून थोडी पुस्ती जोडतो.

हल्ली अ‍ॅपचे पडदे जेटपॅक कंपोज (अँड्रॉइडसाठी) किंवा स्विफ्टयूआय (आयफोनसाठी) या साधनांमध्ये लिहितात. कोणता आकडा कुठे दिसावा एवढं सांगून ठेवायचं; आकडा बदलला की पडदा आपसूक बदलतो. यातली तयार अक्षरं आणि बटणं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारी अँड्रॉइडची सोय, वाचूनही दाखवतो; आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतो. पण ठाणे खाडीच्या भरती-ओहोटीचा आलेख हलत्या पाण्यासारखा हवा असेल, तर तयार सामान पुरत नाही. मग कॅनव्हासवर, म्हणजे पडद्यावरच्या कोऱ्या जागेत, स्वतः रेखाटायचं आणि लाटेसाठी शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम, लिहायचा. अँड्रॉइड 13 आणि आयओएस 17 पासून हे काम बरंच सोपं झालंय. मला तर त्यात मजाच येते.

गोची वेगळीच आहे. कॅनव्हासवरची रेघ टॉकबॅकच्या लेखी नुसते रंगीत ठिपके. आमच्या सोसायटीतले एक काका दृष्टिहीन आहेत. त्यांच्या फोनमधल्या बसच्या अ‍ॅपची शीर्षकं टॉकबॅक खडाखडा वाचतो आणि मार्गाच्या चित्रापाशी आला की गप्प! बस कुठवर आली ते नेमकं त्या चित्रातच. शेवटी काका स्टॉपवर शेजारच्याला विचारतात. खरं तर कंपोजमध्ये चित्राला बोलतं वर्णन जोडायची सोय आहे, आणि काम चार-दोन ओळींचं. मात्र चित्र आणि वर्णन एकाच आकड्यावरून निघायला हवं, नाहीतर दिसायला भरती आणि ऐकायला ओहोटी.

बॅटरीचंही तेच. भरतीनंतर ओहोटी यायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो, पण शोभेची लाट सेकंदाला 60 वेळा, काही फोनवर 120 वेळा रंगवली जाते आणि बॅटरी खाते. खाडीत होडी घेऊन गेलेल्या दिवा कोळीवाड्यातल्या माणसाला ती काय कामाची? आकडा बदलेल तेव्हाच रंगवलं तरी भागतं.

दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे. त्याच्या कलम 42 मध्ये माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी असावी, असं म्हटलं आहे. महापालिका आणि परिवहन सेवांनी अ‍ॅपच्या निविदेतच ही अट घालावी. आणि बिल मंजूर करण्याआधी संबंधित अधिकाऱ्यांनी टॉकबॅक लावून, डोळे मिटून, पुढची बस शोधून दाखवावी.

– एक अ‍ॅप डेव्हलपर, ऐरोली, नवी मुंबई