लाइट गेली की फ्रिज उघडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "रात्रभर लाइट नव्हती, पण कालवणाला वास नव्हता. उकळवलं नि जेवलो." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. आपल्या श्रीवर्धनात पावसाळ्यात लाइट जायचीच. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा कित्येक दिवस अंधारात होतो. फ्रिजमधली कोलंबी माडाच्या बुंध्याशी पुरली, आठवतंय? वास सुटला म्हणून पुरली. वास नसता तर खाल्ली असती.

माझी भीती हीच आहे. पोटाला बाधणारे जंतू वास सुटायच्या आधीच वाढलेले असतात. काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही. शिळ्या भातात असं होतं. त्यामुळे चव घेऊन ठरवू नकोस, बोटभरसुद्धा नको. बाबांना डायबेटिस आहे, उलट्या-जुलाब त्यांना झेपणार नाहीत.

लाइट गेली की घड्याळ बघा नि दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस दम धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. चार तास उलटून गेले, की दूध, मासे, वरण-भात, खवलेला नारळ टाकून द्यायचं. लोणचं, तूप, अख्ख्या भाज्या राहू देत. फ्रीझरमधल्या मासळीत अजून बर्फाचे कण असतील तर ती लगेच शिजवा.

झोपेत लाइट किती वेळ गेली ते कळत नाही. म्हणून एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेवा, वाटी फ्रीझरमध्येच असू दे. रुपया बर्फात खाली गेलेला दिसला, तर मध्ये बर्फ वितळला होता असं समजायचं.

बाबा, इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेनांना बर्फ लागू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. फ्रिज फार वेळ बंद राहिला तर पेनं प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवा. चालू पेन बाहेर किती दिवस चालतं, ते डॉक्टरांना विचारून डब्यावर लिहा.

आई, कालवण टाकताना तुझा जीव तुटेल. तू ताटातलं शीतही वाया घालवत नाहीस. तरी टाक, माझ्यासाठी टाक. गणपतीला आले की आधी फ्रीझरमधला रुपया बघेन.

तुमची लेक