दिवाळीच्या ड्युटीबद्दल, आई-बाबांना

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आईचा आवाज बारीक होतो आणि मी "बघते, करते काहीतरी" म्हणून ठेवून देते, म्हणून लिहितेय. लक्ष्मीपूजनाला मी येत नाहीये. त्या रात्री ड्युटी आहे, आणि ती माझी मीच लावलीय.

लगेच नाराज होऊ नका, आधी ऐका. हेड झाल्यापासून भुलीच्या डिपार्टमेंटचं रोस्टर माझ्याकडे आहे. दरवर्षी दिवाळीत सिनिअर लोक घरी फोनजवळ आणि आत थिएटरमध्ये रात्रभर रेसिडेंट पोरं एकटी, असंच चालायचं. इमर्जन्सी सिझेरियन काय दिवाळी बघून येतं का? भाजलेली पोरं तर दिवाळीतच जास्त येतात. म्हणून यंदा सिनिअर आत थांबणार असं ठरवलं, आणि ठरवलं मी तर पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं घालू? ज्यांची गावं लांब, नांदेड, यवतमाळ, त्यांना आधी सुट्टी दिली. मला काय, स्वारगेटवरून वाई दोन-अडीच तास.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात, भूल देणाऱ्यानं भूल करायची नाही. पण होते हो बाबा. मागच्या महिन्यात डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये चुकांवर बोलायचं होतं, सगळी पोरं माना खाली घालून बसलेली, मग मी माझीच केस आधी सांगितली. औषध भरलेल्या सिरिंजला लेबल लावायचं राहिलं होतं आणि मी ती दुसरीच समजून हातात घेतली, सिस्टरनी विचारलं म्हणून थांबले. पेशंटला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती. हे ऐकल्यावर सेकंड इयरची एक मुलगी नंतर केबिनमध्ये येऊन स्वतःची चूक सांगून रडली. ओरडले नाही मी तिला, चहा मागवला.

आता चेकलिस्ट पण खरीखुरी वाचतो आम्ही, आधी टिका मारून ठेवलेल्या असायच्या. डब्ल्यूएचओची आहे, १९ मुद्दे, भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी. बाबांना आकडे लागतात म्हणून सांगते, २००९ साली ८ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, आपली दिल्ली पण होती त्यात, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ वर आले होते. एका कागदानं! वॉर्डबॉय मामांनी जरी "थांबा मॅडम" म्हटलं तरी मी थांबते, सर्जनलाही थांबवते. हे करायचं म्हणूनच खुर्ची घेतली, नाहीतर खरंच नको होती.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस आई. डबेवाल्या काकू मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी देतात, ड्युटी रूममध्ये किटली आहे, पांघरूण आहे, तुझी ती गोधडी पण इथेच आहे. ताप आला की तू मेतकूट-भात भरवायचीस ना, परवा एकटीच करून खाल्ला, ताप नव्हता तरी.

आता नीट ऐका दोघं. बाबांनी आकाशकंदील लावायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगा. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आई, शुगर तपासून मला रिपोर्टचा फोटो टाक, आणि चकल्या गुडघा धरून उभ्यानं तळू नकोस, खाली बसवत नसेल तर खुर्ची घे. चकल्या कमी झाल्या तरी चालेल.

बाबा, डेपोत कंट्रोलर होतात तेव्हा दिवाळीच्या जादा गाड्यांच्या रात्री तुम्ही स्वतःच्याच नावावर घ्यायचात. मी फुलबाज्यांचं पाकीट न फोडता बसायचे, पाडव्याला सकाळी तुम्ही यायचात, शर्टाला डिझेलचा वास, आणि मग आपण उजेडातच पेटवायचो. आई तेव्हाही काही बोलायची नाही, पण पाणी तापवून ठेवायची.

भाऊबीजेला दुपारपर्यंत पोचते. उटणं थोडं राखून ठेव.

तुमची,
छकुली