शीआनच्या आयींना, बारा युआन बाकी

आयी,

चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणायचं, हे मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. भाजीवालीला, जिना झाडणाऱ्या बाईंना मी वर्षभर आयी म्हणत आले आणि दर वेळी जीभ जराशी अडखळायची, कारण सांगलीच्या आमच्या घरात तो शब्द एकीसाठीच राखलेला आहे. ६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री शीआनमध्ये तुम्हाला हाक मारताना मात्र ती अडखळली नाही. तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून पत्रही त्याच नावाने लिहितेय.

मी म्हणजे ती, दायान्था पॅगोडाच्या दक्षिणेकडच्या चौकात श्वान्-चांग या बौद्ध भिक्षूच्या पुतळ्याखाली, बंद पडलेला फोन हातात घेऊन बसलेली परदेशी बाई. हनान प्रांतातल्या एका शाळेत गणित शिकवते. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, त्याला जोडून मध्य-शरद सण, अशी सलग आठ दिवसांची चंगळ होती. अशा वेळी शीआनला जाऊ नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी गेले.

सकाळी मातीचं सैन्य पाहून झालं होतं. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं, चीनचा पहिला सम्राट छिन श हुआंग याच्या थडग्याचं ते सैन्य. पहिल्या क्रमांकाच्या खड्ड्याच्या कठड्याशी आम्ही सहा-सात रांगा खोल उभे होतो. मला जे सैनिक दिसले ते बहुतेक पुढच्या माणसाच्या वर धरलेल्या फोनच्या पडद्यावरच. मग मीही फोन वर धरला. दीड-दोनशे फोटो, जाता-येता नकाशा, मेट्रोच्या नवव्या लाइनचं तिकीट, बसचं तिकीट. एका दिवसात किती बघायचं याला काही धरबंद असावा, पण नव्हता. संध्याकाळी तशीच दायान्थाला आले, पॅगोडाचा एक फोटो काढला आणि फोनने मान टाकली.

चीनमध्ये फोन बंद पडणं म्हणजे नुसता फोन बंद पडणं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र आमच्याकडची माणसंही वाचतील, म्हणून सांगते: पैशाचं पाकीट, नकाशा, मेट्रोचं तिकीट, दुभाष्या आणि हॉटेलचं चिनी नाव, सगळं एकाच वेळी मावळतं. पर्समध्ये १०० युआनची एक लाल नोट होती. टॅक्सी मिळाली असती, पण तिला सांगणार काय? हॉटेलचं कार्ड मी घेतलं नव्हतं. आणि दहा पावलांवर भाड्याच्या पॉवरबँकांचं कपाट हिरवे दिवे लुकलुकवत उभं होतं. ती पॉवरबँक घ्यायला कोड स्कॅन करावा लागतो. स्कॅन करायला फोन लागतो. मी त्या कपाटापुढे उभी राहून चक्क हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा तुमची नात माझ्याकडे टक लावून बघत होती. आठ-नऊ वर्षांची असेल. थांग राजघराण्याच्या काळातला पोशाख भाड्याने घालून आलेली, लांब बाह्या, कपाळावर लाल फूल, आणि अंबाड्यातलं सोनेरी घुंगराचं फूल सुटून कानावर लोंबत होतं. ती इंग्रजीत म्हणाली, "व्हॉट इज युवर नेम?" शिक्षिकेला त्याहून ओळखीचं काय असणार! मी नाव सांगितलं, काळा पडदा दाखवला. तिने तुम्हाला हाक मारली, आणि पुढचं सगळं तुम्ही एक शब्दही न विचारता केलंत. स्वतःचा फोन काढलात, कोड स्कॅन केलात, कपाटातून पॉवरबँक खट् करून बाहेर आली, आणि ती वायर तुम्ही माझ्या फोनला अशी खुपसलीत जशी मुलाच्या तोंडात थर्मामीटर.

तुम्ही ती तुमच्या नावावर घेतली होती. मी तशीच घेऊन पसार झाले असते, तर ९९ युआन तुमच्या खात्यातून गेले असते. हे तुम्हाला माहीत होतं. मला ते नंतर, पॉवरबँकेच्या पाठीवरची बारीक अक्षरं भाषांतरात घालून कळलं.

फोन जिवंत व्हायला वेळ होता. तुम्ही पायरीवर रुमाल पसरलात, थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतलंत. (चीनमध्ये दुखणं असो, दुःख असो, उपाय गरम पाणी. वर्षभरात मलाही पटलंय.) मग डब्यातून मध्य-शरद सणाचा चंद्र-केक काढून त्याचे चार तुकडे केलेत. मी विचारलं, "रौ?" मांस? तुम्ही म्हणालात, "मेइ यौ", नाही. आत तीळ, अक्रोड, बदाम, कसल्याशा बिया, चावायला आमच्या चिक्कीच्या जवळचं. जुन्या पद्धतीच्या केकात डुकराची चरबी घालतात हे मी ऐकून होते. चरबीला चिनी शब्द काय, ते मला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी शोधायचंही नव्हतं. घरी हे कुणी वाचून दाखवू नये.

तुम्ही आभाळाकडे बोट केलंत. ढगच ढग होते, चंद्राचा पत्ता नव्हता. तुम्हाला सांगायला जमलं नाही ते आता सांगते. त्याच रात्री आमच्याकडे कोजागिरी होती. तुमची आठव्या महिन्यातली पौर्णिमा आणि आमची आश्विनातली त्या वर्षी एकाच तारखेला आल्या. आमच्या गच्च्यांवर त्या वेळी केशर-वेलदोड्याचं दूध आटत असणार, आणि लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात, को जागर्ति, कोण जागं आहे? चौकाच्या दक्षिणेला तुमचा तो दिव्यांनी लखलखलेला रस्ता, ज्याचं नावच 'महान थांगचं न झोपणारं शहर'. सगळं शहर त्यात लोटलं होतं. लक्ष्मीला तिथे फार शोधावं लागलं नसतं.

मग तुम्ही तुमच्या फोनवरचा दुभाष्या माझ्यापुढे धरलात. मी 'इन्-तू' म्हणजे भारतातली म्हटल्यावर तुम्ही लगेच वरच्या पुतळ्याकडे हात केलात. नात त्याच्या प्रवासाच्या गोष्टीतल्या माकडराजासारख्या उड्या मारायला लागली. शाळेत आम्ही या श्वान्-चांगला ह्युएन त्संग म्हणायचो आणि पाच मार्कांची टीप लिहायचो. भारतातून सोळा-सतरा वर्षांनी, इसवी सन ६४५ मध्ये, तो याच शहरात ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि ते सांभाळायला ६५२ साली हा मनोरा उठला. मी तुम्हाला म्हटलं, हा आमच्या मुलखातही आला होता, पुलकेशीच्या काळात, आणि आमच्याबद्दल लिहून गेलाय: ही माणसं उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, पण अपमान झाला तर सूड घेतात, तोही आधी कळवून.

फोनने ते चिनीत वाचून दाखवलं. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि तो तुमचा खणखणीत हशा! फोन इंग्रजीत म्हणाला, "मग तुला अजून एक तुकडा दिलेला बरा."

तेवढ्यात तुमच्या मुलाचा फोन आला, आणि पोलिसांनी गर्दी एकाच दिशेने सोडायला सुरुवात केली. माझ्या पडद्यावर लाल रेघ नुकती उगवली होती. मी १०० ची नोट पुढे केली. तुम्ही ढकललीत, मी पुन्हा दिली, तुम्ही माझी पर्स उघडून आत कोंबलीत आणि चेन लावलीत. आमच्याकडे लग्नघरात पाकिटाची जी झटापट होते, तंतोतंत तीच. "मेइ श, मेइ श", काही नाही गं, काही नाही. पॉवरबँक माझ्या मुठीत दाबून दुभाष्याला म्हणालात, कुठल्याही कपाटात परत कर, आणि उद्या शहराच्या जुन्या तटाच्या भिंतीवर सकाळी लवकर जा. नातीचं ते सोनेरी फूल गर्दीत थोडा वेळ हलताना दिसलं. मग सगळीच फुलं सारखी दिसायला लागली.

तुमचं ऐकलं, आयी. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दक्षिण दरवाजाने मिंगकाळातल्या भिंतीवर चढले, सायकल भाड्याने घेतली आणि पावणेचौदा किलोमीटरचा पूर्ण फेरा मारला. विटांवरून दात खडखडत होते. पण भिंत रुंद, गर्दी अजून विरळ, आणि डाव्या हाताला आत छपरं, उजव्या हाताला बाहेर उंच इमारती. सगळ्या सहलीत तेवढंच मी फोनमधून न बघता पाहिलं.

पैशांचा हिशेब राहिला. तासाला चार युआन, तीन तास, म्हणजे बारा युआन. आपले साधारण दीडशे रुपये. गणिताच्या बाईंना उधारी झोप लागू देत नाही, आणि ती फेडायला तुमचा पत्ता नाही.

त्या रात्री हॉटेलशेजारच्या किराणा दुकानात त्याच कंपनीचं कपाट सापडलं. खाच रिकामी होती. पॉवरबँक आत सरकवली, खट् झालं, दिवा हिरवा झाला. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. त्या वेळी तुमच्या फोनवर 'परत मिळाली' असा कंपनीचा निरोप आला असेल. तो माझा होता.

तुमची,
'इन्-तू'ची गणिताची बाई