प्रकाशाच्या बातमीत वेळ आणि दिशाही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आकाशात अनोळखी प्रकाश दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि परग्रहावरचे यान की शत्रूचे ड्रोन, एवढ्यावरच त्यांतली चर्चा बहुधा थांबते. अशा प्रकाशाचा छडा कसा लावावा हे आपल्याच लष्कराने दाखवून दिलेले असताना त्या तपासाची माहिती फारशी कोणाला नसावी, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

२०१२ च्या उत्तरार्धात लडाखमधील पँगाँग सरोवराच्या परिसरातून पिवळसर प्रकाशगोल दिसल्याचे अहवाल लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून वारंवार येऊ लागले. हे गोल पूर्वेच्या क्षितिजावर, म्हणजे चीनच्या बाजूला प्रकट होत आणि काही तासांत संथपणे आकाश ओलांडून आपल्या हद्दीवर येत. ते हेरगिरीचे ड्रोन असावेत, असा संशय येणे स्वाभाविकच होते. लष्कराने सरोवराजवळच्या डोंगरावर फिरते रडार आणि रेडिओ लहरी टिपणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेऊन बसवले, परंतु डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या त्या गोलांचा यंत्रांना मागमूस लागेना. अखेर हे काम खगोलशास्त्रज्ञांकडे आले. ज्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे आहे, त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदी पडताळून निष्कर्ष काढला की, रात्रभर दिसणारा गोल म्हणजे गुरू आणि पहाटे उगवणारा गोल म्हणजे शुक्र.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार असे एकूण ३२९ प्रसंग नोंदले गेले होते आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तू भारतीय हद्दीत शिरल्याची नोंद होती. ही घुसखोरी मुळात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याची होती. पूर्वेला उगवलेला ग्रह पश्चिमेकडे सरकणारच, आणि तेथे पूर्वेला चीन आहे. यावरून जवानांना कोणी हसू नये. चौदा हजार फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ आणि कोरडी असते की क्षितिजालगतचा ग्रहसुद्धा मैदानी प्रदेशापेक्षा पुष्कळ तेजस्वी दिसतो, आणि काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिले की स्थिर ठिपकाही हलल्यासारखा वाटतो. शिवाय त्या सीमेवरचा तणाव खराच होता. एप्रिल २०१३ मध्ये चिनी सैनिकांनी देपसांगमध्ये तंबू ठोकले आणि तो पेच सुमारे तीन आठवडे चालला. अशा ठिकाणी शुक्राला ड्रोन समजून एखादी गोळी सुटली असती, तर प्रकरण कोठवर गेले असते? ते टळले याचे मोठे श्रेय मी चौक्यांवरच्या नोंदींना देतो. केवळ ‘पिवळा गोळा दिसला’ एवढेच लिहिले गेले असते, तर शास्त्रज्ञांना पडताळण्यासारखे काही उरलेच नसते.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यालाही असा अनुभव आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. उल्केपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळे तर्क झाले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे जाणकारांनी सांगितले आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही पाहणीसाठी येऊन गेले. तरीही त्या प्रकाशाला आजही उल्का म्हणणारे लोक मला भेटतात.

म्हणून आपणास विनंती आहे. अशी बातमी देताना ठिकाण, घड्याळातली वेळ, दिशा, क्षितिजापासूनची अंदाजे उंची आणि प्रकाश किती वेळ दिसला, एवढा तपशील वार्ताहरांनी प्रत्यक्षदर्शींकडून आवर्जून घ्यावा. त्या रात्री कोणते ग्रह कोठे होते, हे छापण्यापूर्वी एखाद्या खगोल अभ्यासकाला विचारावे. एका फोनचे काम आहे. आणि उलगडा झाला की तोही मूळ बातमी ज्या पानावर आली होती, त्याच पानावर तितक्याच ठळकपणे द्यावा.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर